दोन मिनिटांचे उमेदवार

नागपूरच्या माझ्या मावसभावाला बरीच वर्षं वाटत होतं, की मी राजभवनात नोकरीला आहे. चूक त्याची नाही. "गव्हर्नरच्या निवडणुकीचं काम आलंय, या आठवड्यात फोन करू नकोस," असं मी त्याला सांगायची. आपल्याकडे गव्हर्नर म्हणजे राज्यपाल, तो दिल्लीहून नेमून येतो, त्याची कुठली निवडणूक? इथे अमेरिकेत मात्र राज्याचा गव्हर्नर लोकच निवडून देतात. कारभार आपल्या मुख्यमंत्र्यासारखाच, फक्त मत थेट त्याच्या नावावर. हे समजावल्यावर तो म्हणाला, "मग तू प्रचार करतेस?" नाही. "मतं मोजतेस?" तेही नाही. "मग करतेस तरी काय?"

मी टेलिप्रॉम्प्टर चालवायची.

टीव्हीवर बातम्या देणारी माणसं कागदाकडे न बघता, थेट आपल्या डोळ्यांत बघत घडाघडा बोलतात, ते पाठांतर नसतं. कॅमेऱ्याच्या भिंगासमोर एक तिरकी काच असते आणि काचेखाली एक स्क्रीन. स्क्रीनवरचे शब्द काचेत उमटतात. बोलणाऱ्याला ते दिसतात, कॅमेऱ्याला दिसत नाहीत. ते शब्द वर सरकवणारं माणूस शेजारच्या खोलीत बसलेलं असतं, हाताखाली एक लहानशी चक्री घेऊन. बेलव्ह्यूतल्या आमच्या घरून गाडी हाकत राज्याच्या राजधानीला जाऊन मी वर्षानुवर्षं ती चक्री फिरवली.

बघणाऱ्याला वाटतं, चक्रीवाली बाई बोलणाऱ्याला पळवते. तसं केलं की सगळं बिघडतं. ओळी पळायला लागल्या की माणूस त्यांच्यामागे धावतो, त्याला धाप लागते, डोळे भिरभिरतात आणि बघणाऱ्याला तो खोटारडा वाटायला लागतो. खरं काम उलट आहे. कानाला हेडफोन लावून समोरच्याचा श्वास ऐकायचा. तो चालला की चालायचं, तो थांबला की थांबायचं. माझ्या वडिलांचं नागपुरात लाउडस्पीकरचं दुकान होतं. जयंतीच्या सभेत बुटका वक्ता आला तर ते धावत जाऊन माइक खाली करायचे, त्याला टाचा उंचावू द्यायचे नाहीत. माझं शिक्षण तिथलंच म्हणायचं.

आमचं चॅनल सार्वजनिक होतं, आणि त्याची एक प्रथा मला फार आवडायची. राज्याच्या निवडणुकीत जो कोणी उमेदवारी दाखल करेल, त्या प्रत्येकाला स्टुडिओत बोलावून दोन मिनिटं द्यायची. तोच पडदा, तेच दिवे, तेच डेस्क. ज्याच्यामागे सगळा पक्ष उभा आहे त्यालाही दोन मिनिटं, आणि ज्याच्यामागे त्याचा कुत्रासुद्धा नाही त्यालाही दोनच. पहिला टेक बिघडला तर आणखी एक मिळायचा, तिसरा नाही. काटछाट, जोडकाम काही नाही. आणि आम्ही काम करणाऱ्यांनी उमेदवाराला "छान" म्हणायचं नाही, "अरेरे" म्हणायचं नाही, मान डोलवायची नाही. त्याच्या मजकुरातला स्वल्पविरामही त्यानं सांगितल्याशिवाय हलवायचा नाही.

खुर्चीवरचं माणूस पुन्हा उभं राहणार असेल तर फारसं कोणी त्या फंदात पडत नाही. पण त्या वर्षी गव्हर्नरसाहेबांनी जाहीर केलं, की आता बास, मी थांबतो. खुर्ची रिकामी होणार हे कळल्याबरोबर आमच्याकडे रीघ लागली. दोन मोठ्या पक्षांची तयारीची माणसं आली, ती येणारच. पण त्यांच्यामागून जी वरात आली ती बघून आमची फ्लोअर डायरेक्टर कॅरल म्हणाली, "आज जेवायला सुट्टी मिळेल असं वाटत नाही."

आमच्या राज्यात उमेदवाराला नावापुढे आपल्या पसंतीचा पक्ष लिहिता येतो, आणि तो पक्ष अस्तित्वात असलाच पाहिजे अशी सक्ती नाही. एका गृहस्थांनी 'शांत शेजारी पक्ष' लिहिलं होतं. पाचोळा उडवायचं जे फर्रर्र करणारं यंत्र इथे घरोघर असतं, त्याच्याविरुद्ध ते पूर्ण दोन मिनिटं बोलले. राज्याचा अर्थसंकल्प, शाळा, जंगलं, कशाचं नाव नाही. बालवाडीच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. त्यांनी शेवटी कॅमेऱ्यात बघून सांगितलं, "आता सगळ्यांनी एक खोल श्वास घ्या," आणि आमच्या खोलीत कॅरलपासून दिवेवाल्यापर्यंत सगळ्यांनी मुकाट्यानं श्वास घेतला. एक तरुण मुलगा 'मी गव्हर्नर झालो तर' या शब्दांवर येऊन हसायला लागला. दुसऱ्या टेकलाही तिथेच हसला. मग म्हणाला, "आत्ता ऐकल्यावर कळलं मला," आणि त्यानं रीतसर नाव मागे घेतलं. मला तो फार शहाणा वाटला. हे अर्थात मी त्याला सांगितलं नाही.

त्या वर्षी माझ्या घरातच एक अडचण होती. माझी मुलगी मित्रा, पूर्ण नाव संघमित्रा, एका मोठ्या पक्षाच्या उमेदवार बाईंच्या प्रचारात भाषणं लिहायच्या कामाला लागली होती. माझ्या नवऱ्यानं, सुधीरनं, जाहीर केलं, "जेवणाच्या टेबलावर राजकारण बंद. तुमच्या दोघींच्या नोकऱ्या जातील आणि मला वरण-भात एकट्याला खावा लागेल." आम्ही ते पाळलं. पण नेमकी मित्राच्या बाईंची वेळ माझ्याच शिफ्टमध्ये आली.

आणि त्यांच्या आधीची वेळ रसेलची होती.

रसेल डोंगरापलीकडच्या एका खोऱ्यातून आला होता. लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक त्यानं आयुष्यभर चालवलेला. साठी उलटून गेलेली, हात दांडगे, अंगात इस्त्री केलेला चौकड्यांचा शर्ट, आणि टाय असा आवळलेला की बघणाऱ्यालाच गुदमरावं. बरोबर त्याची बायको नॉर्मा. सगळं तीच बोलत होती. "आम्ही थोडे लवकर आलो. घाटात धुकं होतं. याला पाणी द्याल का? बर्फ नको." रसेल शेजारी उभा राहून मान हलवत होता. मला वाटलं, माणूस बुजरा आहे.

कॅरलनं नियम सांगितले. स्टुडिओत फक्त उमेदवार, बरोबरच्यांनी माझ्या खोलीत बसायचं. नॉर्मा गडबडली. "मी आत याच्याजवळ उभी राहिले तर? कॅमेऱ्यात येणार नाही."

"नाही चालणार," कॅरल म्हणाली. "सगळ्यांना हाच नियम."

तेव्हा रसेल पहिल्यांदा बोलला. "ठ... ठीक आहे, नॉर्मा."

तेवढ्या शब्दांना जो वेळ लागला, त्यात आम्हाला कळलं. रसेल तोतरा होता. जरासा अडखळणारा नव्हे. शब्दाच्या तोंडाशी आला की त्याचा जबडा लॉक व्हायचा, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि शब्द आतल्या आत धडका मारत राहायचा.

नॉर्मा माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. आमच्यासमोर काच, काचेपलीकडे डेस्कशी उभा रसेल. मी त्याचा मजकूर चढवला. खोऱ्यातल्या छोट्या हॉस्पिटलानं बाळंतपणाचा वॉर्ड बंद केला होता. आता बायकांना बाळंत व्हायला घाट ओलांडून पलीकडच्या गावी जावं लागत होतं. मागच्या हिवाळ्यात त्याची मुलगी निघाली, घाटात बर्फानं रस्ता अडला, आणि बाळ रसेलच्या ट्रकच्या केबिनमध्ये जन्मलं. पुढे रस्ते, नर्सेस, सरकारी नियम यांवर व्यवस्थित लिहिलेलं होतं. साध्या माणसाला दोन मिनिटांत नीट वाचून होईल एवढं.

पहिला टेक सुरू झाला. "माझं नाव रसेल" इथपर्यंत गाडी बरी आली. मग इंग्रजी 'ब' आला. 'बेबी', 'बर्थ', 'बॉर्न', 'बेड'. त्याचा सगळा विषयच त्या अक्षरानं भरलेला, आणि त्याचा वैरी नेमका तोच. मी चक्रीवरचा हात स्थिर ठेवला. ओळ जिथे होती तिथेच उभी राहिली. शेजारी नॉर्माचे ओठ हलत होते. तो अडला की ती तो शब्द काचेअलीकडून हळूच उच्चारायची, जणू ढकलतेय. चाळीस वर्षं ती हेच करत आली असणार. पण काच जाड होती.

दोन मिनिटं संपली तेव्हा तो तिसऱ्या ओळीवर होता.

कॅरल आत गेली. ती नियमाची पक्की, पण मनाची वाईट नाही. "एक टेक राहिलाय," ती म्हणाली. "मजकूर बदलायचा असेल तर तुम्ही सांगाल तसा बदलता येईल."

नॉर्मा दारातूनच म्हणाली, "रस, 'बेबी'च्या जागी 'चाइल्ड' म्हण ना. 'बॉर्न'ऐवजी 'केम'. तू नेहमी करतोस तसं."

रसेलनं मान हलवली. नाही. मग तो बोलला, आणि आम्ही सगळे उभे राहून ऐकत होतो. वेळ लागला. मी इथे सरळ लिहिते, कारण त्याचं अडणं कागदावर उतरवण्याचा मला अधिकार नाही.

"आयुष्यभर मी शब्द बदलत आलो. बारमध्ये मला बीअर हवी असायची. म्हणता येत नाही म्हणून मी कोक मागायचो. किती कोक प्यालो असेन! मला कोक आवडतसुद्धा नाही. आज मला 'बेबी'च म्हणायचंय."

नॉर्माला हसू आलं. हसता हसता तिनं डोळे पुसले. "मला कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली. "मी घरात कोक भरून ठेवते."

मग रसेलनं माझ्याकडे बोट केलं. "शब्द तुमच्याकडे आहेत?"

"हो," मी म्हटलं.

"सगळं काढा. तीन वाक्यं ठेवा."

"कुठली?"

त्यानं सांगितली. त्याच्यासमोरच्या काचेतली एकेक ओळ मी काढत गेले. स्वतःचं नावही त्यानं काढायला लावलं. "ते खाली पट्टीवर दिसतंच." राहिलं ते एवढंच: आमच्या खोऱ्यातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद झाला. माझ्या मुलीची बेबी घाटात, माझ्या ट्रकमध्ये, बर्फात जन्मली. तिचं नाव बेथनी.

मी शेवटचं नाव वाचलं आणि त्याच्याकडे पाहिलं. नॉर्मानं मागून सांगितलं, "मुलीनं विचारलं होतं याला. म्हणाली, डॅड, तुम्हाला अवघड जाईल, दुसरं ठेवू का? हाच म्हणाला, हेच ठेव."

नावाला पर्यायी शब्द नसतो. हा विचार करूनच त्यानं ते ठेवायला सांगितलं असणार.

मधल्या वेळात मित्रा तिच्या बाईंना आणि आणखी दोन सहकाऱ्यांना घेऊन आली होती. बाहेरच्या खोलीतल्या मॉनिटरवर स्टुडिओ दिसतो, ती सगळी तिथे उभी होती. मित्रानं मला दारातून बघून हात केला. मी केला नाही. नियम.

दुसरा टेक. दिवे लागले, कॅरलनं बोटानं खूण केली.

पहिलं वाक्य 'ब'पाशी आलं आणि थांबलं. माझा हात चक्रीवर होता, आणि मी तुम्हाला सांगते, हात न हलवणं हे हलवण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं. बोटांना वाटतं, जरा पुढे सरकवू या, बिचाऱ्याला मदत होईल. पण ओळ सरकली असती तर तिनं त्याला सांगितलं असतं, की चल, उशीर होतोय. मी ती ठेवली. तो तिथेच उभा, शब्द तिथेच उभा. मग शब्द आला. पूर्ण, मोठा आणि स्वच्छ.

दुसऱ्या वाक्याला त्याहून जास्त वेळ लागला. नॉर्माचे ओठ पुन्हा हलायला लागले. तिचं तिलाच ते कळलं असावं. तिनं एक हात उचलला आणि आपल्या तोंडावर घट्ट धरला. दुसऱ्या हातानं माझी बाही पकडली. मी उजव्या हातानं चक्री धरली होती, डावा तिला दिला.

तिसरं वाक्य. "तिचं नाव." मग काही नाही. रसेलचा जबडा अडला, डोळे मिटले. घड्याळाचे आकडे उलटे पळत होते, कॅरल त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यानं डोळे उघडले, आणि काचेतल्या अक्षरांकडे नाही, त्यांच्या पलीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मला तो फरक ओळखता येतो. वाचणारे डोळे डावीकडून उजवीकडे जातात. हे डोळे हलत नव्हते.

"बेथनी," तो म्हणाला.

थोडे सेकंद उरले होते. त्यात तो टाय सैल करत उभा राहिला. मग दिवे गेले.

मी नियमाप्रमाणे मान डोलवली नाही. नॉर्मा मात्र आमच्या नियमांना बांधील नव्हती. ती धावत आत गेली आणि त्या दांडग्या माणसाला मिठी मारून उभी राहिली. कॅरलनं पुढचं नाव पुकारायला बराच वेळ लावला.

पुढचं नाव मित्राच्या बाईंचं. त्यांनी दोन मिनिटांत कितीतरी मुद्दे इतक्या सफाईनं मांडले, की चक्री जणू आपोआप फिरत होती. पहिलाच टेक उत्तम. वाईट बोलावं असं त्यात काही नव्हतं, मुलीनं लिहिलेलं भाषण होतं ते.

संध्याकाळी मित्रा माझ्याच गाडीतून परत आली. फ्रीवेला लागल्यावर तिनं फोन बॅगेत टाकला. मग म्हणाली, "Aai, can I ask you something? कामाचं नाही."

"विचार."

"त्या माणसाच्या वेळी मी दारातून तुझा हात बघत होते. तू काहीच करत नव्हतीस."

"तेच तर काम आहे."

"I always thought you just pushed a button." मग ती म्हणाली, "आम्ही सगळे तिथे उभे होतो ना, आमच्यातल्या कोणीच फोन बघितला नाही. You don't know, that never happens."

आम्ही टेबलावरचा नियम गाडीत मोडला होता. सुधीरला सांगितलं नाही.

पुढचं सांगायला फार नाही. निकालात रसेलचं नाव शोधायला बोट बरंच खाली न्यावं लागलं. त्याचा व्हिडिओ काही लोकांनी चेष्टा करायला एकमेकांना पाठवला, असं मित्रा म्हणाली. मी तो प्रकार बघितला नाही. मित्राच्या बाई पहिली फेरी पार करून पुढे गेल्या आणि नोव्हेंबरमध्ये हरल्या. एका जाहीर वादविवादात दोन्ही बड्या उमेदवारांना एका नर्सनं त्या खोऱ्यातल्या वॉर्डाबद्दल विचारलं होतं. दोघांनी लांबलचक उत्तरं दिली. मित्रा घरी आली तेव्हा चिडलेली होती. "I wrote that answer," ती म्हणाली. "त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि एकही खरं नव्हतं." आता ती शाळेत शिकवते. माझं मत कोणाला गेलं ते मी सुधीरलाही सांगितलेलं नाही. तो अजून अंदाज करत असतो.

मी निवृत्त झाले. आता आमच्या चॅनलवर एक प्रोग्रॅम बसवलाय, तो बोलणाऱ्याचा आवाज ऐकून ओळी आपणच सरकवतो. कॅरल म्हणते, चांगला आहे, चुकत नाही. असेल. मला एकदा त्याला विचारायचंय, की आवाज येतच नाही तेव्हा तू काय करतोस? पण विचारायचं कोणाला?

निवडणूक संपली आणि माझे नियमही संपले. तेव्हा नॉर्मानं चॅनलमार्फत निरोप पाठवून माझा नंबर मागून घेतला. त्यांच्या बागेतली पेअरची फळं येतात, मी इथून चिवडा पाठवते. रसेलला तो बीअरबरोबर आवडतो, असा निरोप आला. नॉर्मा फोनवर भरभरून बोलते, मी ऐकते. त्या दोघांनी मला ताईबिई काही म्हटलं नाही, पण नातं तसंच झालंय.

गेल्या आठवड्यात तिचा सकाळी फोन आला. त्या वॉर्डाचा विषय पुन्हा निघाला होता. हॉस्पिटलच्या समितीनं सुनावणी ठेवली होती, ज्याला बोलायचंय त्यानं यावं.

"रसेल गेला होता काल," ती म्हणाली.

"तू होतीस ना बरोबर?"

"पार्किंगपर्यंत. तिथे म्हणाला, तू गाडीतच थांब. थांबले. स्वेटरची एक बाही विणून झाली माझी."

"मग? काय ठरलं वॉर्डाचं?"

"ठरायचंय अजून. बरीच माणसं आली होती म्हणे, नर्सेस पण."

"आणि रसेल काय बोलला आत?"

"तेच सांगतोय," नॉर्मा म्हणाली. "नाश्त्यापासून सांगतोय. मध्ये मी जाऊन कोंबड्यांना दाणे टाकून आले. साधारण अर्ध्यापर्यंत आलोय आम्ही."

"अगं, मग फोन काय करत बसलीस? आधी ऐक ना त्याचं."

"ऐकतेच आहे. तुझं नाव निघालं म्हणून फोन लावला. तूही ऐक."

तिनं फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मागे चुलीवर काहीतरी रटरटत होतं. रसेलनं घसा साफ केला आणि एक शब्द सुरू केला. शब्द अडला. नॉर्मा काही बोलली नाही. मीही नाही.